बाईंनी शिकायचे कधी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरच्या कोणी विदुषी बोलावल्या जातात. या वेळी आपल्यातल्याच एकीने बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले आणि माझे नाव पुढे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ती सातवीही जुन्या काळच्या व्हर्नाक्युलर फायनलची नव्हे, की जी पास झाले म्हणजे शाळेत मास्तरकी मिळे. तेव्हा मोठमोठ्या ग्रंथांतले काही मी सांगू शकणार नाही. परंतु गेली तीन वर्षे मी आपल्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे घालून दिले, म्हणून माझ्यासारखीला ती खुर्ची मिळाली. खुर्ची मिळाली तर बसून नुसता चहा प्यावा हे मला बरे वाटेना. मी वर्गात जाऊन बसू लागले. तेथे जे पाहिले तेच आज सांगणार आहे.

सांगण्याला कारणही आहे. गेल्या महिन्यापासून आपल्या आळीत एक अर्ज फिरतो आहे, तो आपणांपैकी बहुतेकींनी वाचला असेल. महिन्यातून एकदा आपली शाळा सकाळची भरते व दुपारी तिन्ही शिक्षक केंद्रशाळेत शिक्षण परिषदेला जातात. मुले लवकर घरी येतात आणि आपली दुपार मोडते. ही परिषद बंद करावी, शिक्षकांनी शिकवावे, शिकत बसू नये, असा त्या अर्जाचा मजकूर आहे. बावीस सह्या झाल्या आहेत, त्यांत आपल्या मंडळाच्या नऊ आहेत. त्या भगिनींवर माझा मुळीच राग नाही. धाकटे मूल घरी टाकून चिकूच्या वाडीत मजुरीला जाणारीला अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी, हे मी जाणते. फक्त ज्यांची सही व्हायची आहे त्यांनी, आणि ज्यांची झाली आहे त्यांनीही, माझे दोन शब्द ऐकून घ्यावेत.

पहिला प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो तो असा, की बाई तर डी.एड. होऊन आल्या आहेत, मग आता आणखी काय शिकायचे? मी विचारते, आपल्या शिवणवर्गाच्या बाई वीस वर्षे शिकवीत आहेत, तरी नवा गळा आला, नवी बाही आली की गाडीत बसून वापीला जातात आणि तेथल्या कारागिराजवळ उभे राहून बघून येतात. त्यांना शिवता येत नाही म्हणून का जातात? कापड बदलते, अंगाची ठेवण एकीची दुसरीसारखी नसते, म्हणून जातात. मग ज्यांच्यापुढे चाळीस कपडे नव्हेत तर चाळीस जिवंत मुले बसली आहेत, त्यांना मात्र एकदा घेतलेले माप जन्मभर पुरेल असे आपण कसे मानतो?

सावित्रीबाई फुल्यांचे नाव आपण दर 3 जानेवारीला घेतो. 1848 साली पुण्याला शाळा निघाली हे आपल्याला ठाऊक असते. परंतु सावित्रीबाईंनी स्वतः अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले होते, त्या काळच्या अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे व पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या होत्या, ही गोष्ट भाषणांतून फारशी येत नाही. शेणाचे गोळे अंगावर आल्याचे तेवढे आपण सांगतो.

आता हिशेब करू. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेने वर्षाला निदान 200 दिवस व 800 तास शिकविले पाहिजे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी निदान 50 तास स्वतःच्या शिकण्याला द्यावेत अशी अपेक्षा आहे. समजा, हे सगळे 50 तास शाळेच्याच वेळेतून गेले, तरी आठशेत पन्नास म्हणजे सोळावा हिस्सा. आपल्या आजीच्या भाषेत रुपयात एक आणा. रुपयाला एक आणा खर्चून उरलेले पंधरा आणे जर खणखणीत वाजणार असतील तर तो तोट्याचा व्यवहार नव्हे.

परंतु तो आणा खरोखर कामी येतो की वाटेत सांडतो, हे पाहणे जरूर आहे, आणि इथे माझा अर्जदार भगिनींशी थोडा मेळ बसतो. शिक्षकांची सगळीच प्रशिक्षणे कामाची असतात असे मी म्हणणार नाही. एके ठिकाणच्या प्रशिक्षणाची हकीकत आपल्या शाळेतल्या एका बाईंनी मला सांगितली. मोठे सभागृह, दीडशे शिक्षक, एक माइक. पडद्यावर अक्षरे येत होती व एक गृहस्थ तीच वाचून दाखवीत होते. पडद्यावर लिहिले होते, 'मुलांना कृतीतून शिकवा', आणि ऐकणारे सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत हाताची घडी घालून बसलेले! मुलांना बोलते करा हे सांगायला बोलावलेल्या शिक्षकांना दिवसभरात कोणी एक शब्द बोलू दिला नाही. पुरणपोळी कशी लाटावी यावर कोणी आपल्याला सहा तास भाषण दिले तर घरी येऊन आपली पोळी फुटायची ती फुटणारच. असली प्रशिक्षणे बंद व्हावीत असा अर्ज कोणी काढला तर पहिली सही माझी असेल.

पण गेल्या वर्षी परिषद आपल्याच शाळेत भरली होती, तेव्हा मोठ्या बाईंनी मला समिती सभासद म्हणून बसायला बोलावले. सकाळचे सत्र नेहमीचेच होते, परिपत्रके वाचली गेली, मीही दोनदा जांभई दिली. दुपारी मात्र पद्धत वेगळी होती. आपल्या तिसरीच्या मुलांना वर्गात बसविले. शेजारच्या शाळेतल्या एका बाईंनी हातच्याच्या वजाबाकीचा पाठ घेतला, आणि बाकीचे अठरा शिक्षक मागे रांगेत न बसता मुलांच्या जवळ, जमिनीवर बसले. प्रत्येकाकडे दोन मुले. बाई कशा शिकवतात ते कोणी बघायचे नाही, आपल्या वाटणीची मुले काय करतात ते टिपायचे, असा नियम. मलाही एक कागद मिळाला.

गणित साधे होते. टोपलीत 52 चिकू, 27 विकले, उरले किती? बाईंनी सांगितले नाही की वरून एक घ्या, खाली द्या. दहादहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या समोर ठेवल्या आणि म्हणाल्या, तुम्हीच काढा, आणि शेजारच्याला पटवून द्या. खिडकीजवळ बसलेली एक मुलगी माझ्या वाटणीला होती. तिने आधी पाटीवर मांडले. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन, उत्तर 35. लहानातून मोठे जात नाही, म्हणून तिने उलटेच वजा केले. मग काड्या घेतल्या. एक गठ्ठा सोडला, मोजून 27 बाजूला काढल्या आणि उरल्या 25. दोन्ही उत्तरांकडे ती पुष्कळ वेळ बघत राहिली. मला वाटले आता पाटीवरचे पुसेल. तर तिने काड्याच गोळा करून ठेवल्या आणि 35 तसेच राहू दिले!

फळ्याजवळच्या बाईंना हे दिसले नाही. कसे दिसणार? त्यांच्यापुढे बावीस मुले होती. नंतर मुले खेळायला गेली व शिक्षक गोल करून बसले, तेव्हा मी भीतभीत हे सांगितले. सगळे क्षणभर गप्प झाले. मग एक वयस्क गुरुजी म्हणाले, "तिच्या लेखी काड्या म्हणजे खेळ आणि पाटी म्हणजे गणित. आपणच तिला तसे शिकवले आहे." त्यावर अर्धा तास चर्चा झाली. कोणी म्हणाले, तिला विचारायला हवे होते, की उरलेले 35 आणि विकलेले 27 परत टोपलीत टाकले तर किती होतील? होतात 62. टोपलीत तर 52 होते, मग दहा चिकू आले कुठून? कोणी म्हणाले, काड्यांना हात लावण्यापूर्वीच अंदाज विचारावा, पन्नासातले निम्म्याहून जास्त गेले तर निम्म्याहून जास्त कसे उरतील? पाठ घेणाऱ्या बाईंना कोणी एका शब्दाने नावे ठेवली नाहीत. त्या स्वतःच सगळे वहीत उतरवून घेत होत्या.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या शिक्षकांनी, तोच पाठ या सुधारणांसह घेतला. मी मुद्दाम रिक्षाभाडे खर्चून गेले होते. त्या वर्गात आधी अंदाज विचारला गेला. एका मुलाने 35 काढलेच, पण त्याच्या शेजारचा त्याला सोडीना. "दाखव, टोपलीत परत टाकून दाखव," म्हणाला. दोघे भांडायच्या बेताला आले होते आणि गुरुजी मध्ये पडले नाहीत. पाच-सहा मिनिटांनी त्या मुलाने स्वतःच पाटी पुसली.

ही रीत जपानची आहे असे केंद्रप्रमुखांनी सांगितले. तिकडे प्राथमिक शाळांतून शंभराहून अधिक वर्षे शिक्षक असा एकत्र बसून पाठ तयार करतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात, मग चर्चा करून पाठ सुधारतात. बाहेरच्या जगाला हिची विशेष ओळख 1999 साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने झाली म्हणे. जपानचे नाव काढले की आपल्याकडे मान लगेच डोलू लागते. परंतु भगिनींनो, मुलाकडे बघून शिकणारे शिक्षक आपल्या तालुक्यातही होऊन गेले आहेत, आणि ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

1945 साली ताराबाई मोडक आपल्या बोर्डीला आल्या. त्या काही साध्यासुध्या बाई नव्हत्या. बी.ए. झालेल्या, राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात लहान मुलांमध्ये गेल्या, व 1926 साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पन्नाशी उलटल्यावर त्या बोर्डीला आल्या आणि बालवाडी उघडली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवयात वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई. पण वारली पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येतना. तेव्हा या दोघींनी, मुलांना कदर नाही, आईबाप अडाणी आहेत, असे म्हणून हात झटकले नाहीत. त्यांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. 1975 पासून सरकारच्या योजनेमुळे हा शब्द देशभर गेला. आपल्यापैकी ज्या अंगणवाडीत सेविका आहेत त्यांनी हे अभिमानाने सांगावे. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली, तिला कुरणशाळा म्हणत. माँटेसरीबाईंची महागडी साधने परवडेनात, तर समुद्रकाठचे शिंपले, खडे, बिया, शेंगा गोळा करून त्यांवर मोजणी शिकविली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि तेथे बालवाडीच्या शिक्षिकाही तयार होऊ लागल्या. आपली सहल दोन वर्षांपूर्वी तिकडे गेली होती, तेव्हा आपण टेकडीवरून दिसणारा समुद्र पाहिला, फोटो काढले आणि डबे खाऊन परत आलो. पुन्हा गेलो तर तेथे काय घडले हे डोळ्यांपुढे आणावे.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचेही नाव शिक्षकांच्या तोंडी पुष्कळ असते. तेथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बरोबरच्या जिल्हा परिषद शिक्षकांनी मुलांना हाताने, विचाराने शिकू देण्याचे काम केले, आणि 2015 च्या सुमारास राज्यभरातले शिक्षक ते वर्ग बघायला जात. भाषण ऐकायला नव्हे, वर्ग बघायला. यातली गोम हीच आहे.

आता आपल्या घरातली तक्रार. माझ्या जाऊबाईसुद्धा म्हणतात, "हल्ली शाळेत नुसता खेळ चालतो. वही कोरी. आमच्या वेळी रोज पाढे आणि पंचवीस गणिते." पाढे पाठ हवेतच, त्याबद्दल माझे दुमत नाही, आणि जी बाई पाढे सोडून नुसती चित्रे रंगवून घेईल तिला मी समितीत विचारीनच. मुलांच्या कलाने शिकवणे म्हणजे मुलांना मोकळे सोडणे नव्हे. परंतु फळ्यावरची पंचवीस गणिते उतरवून काढणे आणि एक गणित शेजारच्या हट्टी मुलाला पटवून देणे, यांत मुलाचा कस कशात जास्त लागतो? पंचवीस गणिते चुकीच्याच रीतीने सोडविली तर ती चूक पंचवीस वेळा पक्की होते. आणि असा वर्ग चालविणे बाईंनाही सोपे नाही. कोणते मूल कुठे अडखळेल, कोणत्या चुकीला कोणता प्रश्न विचारावा, केव्हा बोलावे, केव्हा गप्प राहावे, हे आधी ठाऊक असावे लागते. ते एकट्या बाईला वर्गाचे दार लावून समजत नाही. त्यातून आपल्या शाळेत तीन शिक्षक आणि पाच इयत्ता. एका बाईला दोन वर्ग एकदम सांभाळावे लागतात. मुलांना आपापसात काम करण्याची सवय नसेल तर एका वर्गाला शिकवताना दुसरा वर्ग नुसता बसून राहणार.

शिक्षकांचा वेळ जातो याची आपल्याला खरोखरच काळजी असेल तर माहिती भरणे, सर्वेक्षणे, मोबाइलवर रोज पाठवायचे फोटो यांकडे आधी बघावे. जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका यांखेरीज बिनशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे कायद्याचे 27 वे कलम सांगते. आपल्या गुरुजींनी एका आठवड्यात किती कागद भरले ते मी समितीच्या बैठकीत मोजून मागितले आहे. तो आकडा आल्यावर त्याविरुद्ध अर्ज करू, मी स्वतः घरोघर फिरेन.

शेवटी एक गोष्ट, जी अर्जात नाही पण सर्वांच्या मनात आहे. शाळेचा पट सध्या 64 आहे. साठापर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट झाली की तिसरा, असा कायद्याचा हिशेब आहे. पिवळ्या गाडीतून दूरच्या इंग्रजी शाळेत जाण्यासाठी यंदा चार घरांनी नाव काढण्याचे बोलून दाखविले आहे. चार मुले गेली की तिसऱ्या बाईंची जागा जाईल, आणि मग पाच इयत्ता दोघांत. ज्यांची ऐपत आहे त्यांनी मूल कुठे घालावे हे मी सांगणार नाही. परंतु ज्यांना गाडीचे भाडे परवडत नाही अशा साठ मुलांना हीच शाळा आहे, आणि तिथल्या बाई चांगल्या व्हाव्यात ही गरज त्यांचीच आहे.

म्हणून मी मंडळापुढे असे मांडते. परिषदेच्या दुपारी मुलांना घरी पाठविण्याऐवजी आपल्यापैकी चौघींनी पाळीपाळीने दोन ते साडेचारपर्यंत शाळेच्या ओसरीवर बसावे. गोष्ट सांगावी, गाणी म्हणावीत, पाढे म्हणवून घ्यावेत. म्हणजे मजुरीला जाणाऱ्या भगिनींची अडचण उरणार नाही. मोठ्या बाईंना विचारले आहे, समितीच्या ठरावाने तसे करता येईल असे त्या म्हणाल्या. आणि परिषदेहून परतल्यावर शिक्षकांनी आईबापांच्या बैठकीत सांगावे, की तिथे काय पाहिले आणि आपल्या वर्गात कोणती एक गोष्ट बदलली. नुसते 'छान झाली' चालणार नाही. हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, कारण तो एक आणा आपल्या मुलांच्या वेळातला आहे.

पुढची परिषद महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी पलीकडच्या पाड्यावरच्या शाळेत आहे. चौथीच्या मराठीचा पाठ आहे. ज्या मुलांची घरची बोली वारली आहे त्यांना पुस्तकातली मराठी कशी जवळची करावी, हा विषय. दोन पालकांना बसण्याची परवानगी मी काढून ठेवली आहे. अर्जावर सही केलेल्यांपैकी कोणी आल्या तर मला विशेष आनंद होईल. रिक्षा स्टेशनवरून एक वाजता सुटेल, पाणी व डबा बरोबर घ्यावा, जमिनीवर बसावे लागेल. ओसरीवरच्या पाळीसाठी नावे चिटणीसताईंकडे आजच द्यावीत, वही त्यांच्याजवळ आहे.